मतयंत्राची शिदोरी

रविवारी सकाळी आबिड्सच्या मोठ्या पोस्टाच्या बाजूने चालत गेले म्हणजे पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग मांडलेले दिसतात. बरीच दुकाने त्या दिवशी बंद असतात, आणि त्यांच्या पायऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या होतात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी आबिद नावाचे एक आर्मेनियन गृहस्थ होते; त्यांचे दुकान येथे होते म्हणून ह्या भागाला त्यांचे नाव पडले, ते अजून चालू आहे. अशाच एका रविवारी मला तेथे रेडिओ दुरुस्तीचे एक जीर्ण पुस्तक मिळाले. त्यात काचेच्या निर्वात नळ्यांच्या, म्हणजे ज्यांना आपली वडीलधारी माणसे ‘वॉल’ म्हणत, त्यांच्या आकृत्या होत्या. ते पुस्तक मी घेतले त्याला कारण निराळेच होते. त्याच आठवड्यात वर्गातील एका मुलीने मला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचे धड उत्तर मला देता आले नव्हते.

आमच्या शाळेत नुकतेच मतदान होऊन गेले होते. ती मुलगी आजीचा हात धरून मतदान केंद्राच्या दारापर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “बाई, मतदानाच्या यंत्राची वायर भिंतीतल्या प्लगात का नव्हती?” मी म्हटले, ते सेलवर चालते. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “मग दिवसभर सेल संपत नाहीत? आमच्या रिमोटचे तर संपतात.” हसून मी वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. निवडणुकीच्या कामावर मीही एकदा गेले आहे. भर दुपारी खोलीतली वीज गेली, पंखे थांबले, केंद्राध्यक्षांनी रुमालाने मान पुसली. पण टेबलावरच्या कंट्रोल युनिटवरचा हिरवा दिवा तसाच तेवत होता आणि रांग पुढे सरकत होती. त्या वेळी त्यात काही नवल वाटले नाही. नवल वाटायला त्या मुलीचा प्रश्न यावा लागला.

ह्या यंत्राचा इतिहास बराचसा आमच्या हैदराबादेत घडला आहे, आणि मुंबईपासून त्याला धागा आहे. मात्र सुरुवात त्याच्याही मागे, लोखंडी पेट्यांपासून करावी लागते. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. मतदाराने आपल्या उमेदवाराच्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकावयाची. अशा पेट्या लाखोंनी लागल्या. मुंबईच्या गोदरेज कारखान्याचे नाव त्या संदर्भात पुष्कळांना ठाऊक असते. पण हैदराबादच्या ऑल्विन मेटल वर्क्सनेही त्या पेट्या केल्या होत्या. तेव्हा मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. पेटीला वीज लागत नव्हती, आणि पेटी बंद पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे यंत्र करणाऱ्यांपुढे हीच खरी परीक्षा होती. ज्याची जागा घ्यायची ती वस्तू मुळीच बिघडत नाही, अशा वस्तूशी त्यांची बरोबरी होती.

आता मुंबईकडे वळू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक मोठा संगणक चालू झाला. त्याचे पुढे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळीचा स्वभाव माझ्या त्या जुन्या पुस्तकात छान सांगितला आहे. आतली तार तापल्याशिवाय ती काम करीत नाही, आणि काम असो वा नसो, तिला तापलेले ठेवावेच लागते. पाहुणा येईल म्हणून चूल दिवसभर पेटती ठेवण्यासारखेच हे झाले. अशा यंत्राला बाहेरून अखंड वीज हवी, आणि जी उष्णता निघेल ती घालविण्यासाठी थंड हवेची सोय हवी. असे यंत्र बैलगाडीत घालून गावोगावी नेण्याची कल्पनाही कोणी केली नसती.

डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ साली देशातील इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ साली बाहेर आला. त्याच वर्षी २४ जानेवारीस डॉ. भाभा विमान अपघातात गेले. तुर्भे येथील अणुशक्ती केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून पुढे हैदराबादला एक सरकारी कंपनी उभी राहिली. ११ एप्रिल १९६७ हा तिचा स्थापना-दिवस. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हे तिचे पूर्ण नाव. हैदराबादेत मात्र कोणी ते उच्चारीत नाही. बसचा कंडक्टर ‘ईसीआयएल, ईसीआयएल’ एवढेच ओरडतो. कंपनीचे पहिले प्रमुख अय्यागारी सांबशिव राव हे पश्चिम गोदावरीकडचे; बनारसला व पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकलेले आणि तुर्भ्याला भाभांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्या नावाचे ए. एस. राव नगर आज ह्या शहराचा भाग आहे. तुर्भ्याचा म्हणून ज्याच्या नावात ‘टी’ आहे तो टीडीसी-१२ नावाचा संगणक १९६९ साली तयार झाला, आणि त्याच्या पुढच्या पिढ्या ईसीआयएलने सत्तरीच्या दशकात बनविल्या. हे संगणक ट्रान्झिस्टरच्या युगातले. चूल गेली होती, पण कपाटाएवढा आकार व भिंतीतली वीज अजून सुटली नव्हती.

डिसेंबर १९७७ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर हैदराबादला आले. मतदानासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरता येईल काय, याचा अभ्यास करावा असे त्यांनी ईसीआयएलला सांगितले. १९७९ साली नमुना तयार झाला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी निवडणूक आयोगाने तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखविला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीही ह्या कामात आली. तिच्या यंत्राचे बाह्य रूप घडविण्यात मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या अध्यापकांचा हात होता. बटण कोठे असावे, चिन्हाशेजारी दिवा कसा असावा, निरक्षर माणसाचे बोट कोठे जाईल, ह्या गोष्टी त्यांनी पाहिल्या. मला हे काम आतल्या विद्युत्-मंडलाइतकेच मोलाचे वाटते.

नमुना करणाऱ्यांपुढची अट सोपी दिसते, पण होती कठीण. मतदान केंद्र म्हणजे कोठे गावची शाळा, कोठे चावडी, कोठे डोंगरातली झोपडी. तेथे वीज असेलच असे धरून चालता येत नव्हते. देशातील सर्व खेड्यांत वीज पोहोचल्याची घोषणा सरकारने केली ती २८ एप्रिल २०१८ रोजी, म्हणजे शकधरांच्या भेटीनंतर चाळीस वर्षांनी. आणि गावात तार आली म्हणजे घटकाभर वीज टिकेलच असेही नाही. म्हणून यंत्राने आपली शिदोरी बरोबरच नेली पाहिजे. त्या शिदोरीवर सकाळचे अभिरूप मतदान, दिवसभराचे खरे मतदान, आणि पुढे मोजणी, इतके निभावले पाहिजे. शिदोरीसुद्धा बाजारात मिळणाऱ्या साध्या अल्कलाइन सेलचीच. पहिल्या यंत्रांत ती सहा व्होल्टांची होती, नंतरच्यांत साडेसात व्होल्टांची, आणि आताच्या तिसऱ्या पिढीच्या यंत्रांत आठ व्होल्टांची आहे. साडेसात म्हणजे दीड व्होल्टाच्या पाच सेलांची बेरीज. त्या मुलीच्या रिमोटात दोन बसतात.

येथे थोडे थांबून, लहान संगणक वीज कशी खातो ते सांगितले पाहिजे. नाहीतर पुढची गोष्ट समजणार नाही. यंत्राच्या पोटात बसविलेला जो एकच एक प्रोसेसर असतो, त्यात हजारो बारीक कळा असतात. घड्याळाच्या लंबकासारखा एक स्फटिक ठोके देत असतो, आणि ठोक्यासरशी कळा उघडमीट करतात. निर्वात नळीप्रमाणे स्वस्थ बसलेली कळ वीज खात नाही, किंवा खाते ती अगदी नगण्य; खर्च होतो तो मुख्यतः उघडमीट करण्याचा. म्हणून ठोक्यांचा वेग दुप्पट केला की खर्च दुप्पट होतो. विद्युद्दाबाचा हिशेब याहूनही कडक आहे. दाब निम्मा केला तर खर्च निम्मा न होता चौथाईवर येतो. यावरून काटकसरीचे मार्ग आपोआप ठरतात. दाब कमी ठेवावा, ठोके गरजेपुरतेच द्यावेत, आणि काम नसेल तेव्हा कळांना झोपू द्यावे. खिशातला मोबाइल, हातातले घड्याळ, छातीत बसविलेला हृदयाचा ठोका सांभाळणारा पेसमेकर, ही सारी मंडळी ह्याच हिशेबावर जगतात.

मतयंत्राच्या बाबतीत गंमत अशी की त्याला वेगाची गरजच नाही. दहा तासांचे सेकंद होतात छत्तीस हजार. हजार मतदार आले, आणि प्रत्येकासाठी यंत्र तीन सेकंद कामात राहिले असे धरले, तर काम होते तीन हजार सेकंदांचे. म्हणजे दिवसाच्या बारा हिश्श्यांपैकी एक. उरलेले अकरा हिस्से यंत्र नुसते वाट पाहते. केंद्रावर ज्यांनी काम केले आहे त्यांना तो क्रम पाठ असतो. केंद्रावरचा अधिकारी कंट्रोल युनिटचे ‘बॅलट’ बटण दाबतो. त्याच्याकडे लाल दिवा लागतो, आडोशाच्या आतल्या बॅलट युनिटवर हिरवा. मतदार बटण दाबतो, चिन्हाशेजारचा दिवा लागतो, लांब शिटी वाजते, आणि सारे पुन्हा शांत होते. पुढचे बटण दाबेपर्यंत आतल्या युनिटवर कोणी कितीही बोटे आपटली तरी काही उमटत नाही. मिनिटाला मोजकीच मते नोंदवावीत अशीही त्याची घडण आहे. केंद्र बळकावणाऱ्यांना भराभर शिक्के मारता येत असत, तसे येथे साधू नये म्हणून. सेलांची अट आणि निवडणुकीची अट, दोघींनी मिळून एक संथ यंत्र मागितले, ही मला फार सुखद जुळणी वाटते. २०१० साली काही संशोधकांनी ईसीआयएलचे एक यंत्र उघडून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील स्फटिक सेकंदाला सुमारे ८८ लाख ठोके देणारा होता. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण त्याच वर्षी घराघरांतले संगणक सेकंदाला दोनशे-तीनशे कोटी ठोक्यांनी धावत होते. ते संशोधक यंत्राच्या विश्वासार्हतेवर आक्षेप घेण्यासाठी निघाले होते, आयोगाने ते आक्षेप मानले नाहीत, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. माझा आजचा विषय सेलांपुरता आहे.

शिदोरी संपलीच तर काय? शुभवर्तमानातली पाच शहाण्या व पाच मूर्ख कुमारींची गोष्ट आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली होती. दिवे दहांजणींकडेही होते, जादा तेल पाचजणींकडे होते. निवडणुकीच्या कामावर जाताना सामानाची यादी तपासली जात होती तेव्हा मला ती आठवली. केंद्रावर सेल उतरला तर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष तो बदलता येतो. नोंदलेली मते मात्र सेलवर अवलंबून नसतात. ती अशा स्मृतीत असतात की जिला टिकून राहायला वीज लागत नाही. लिहिताना मात्र लागते. मतदान संपले, ‘क्लोज’ बटण दाबले, यंत्र बंद केले, तरी आकडे जागेवर राहतात. एरवी संगणकाची चालू स्मृती वीज जाताच कोरी होते. तशी स्मृती येथे वापरली असती तर सेलाबरोबर मतेही गेली असती, आणि लोखंडी पेटीच बरी असे लोकांनी म्हटले असते.

लोकांनी काय म्हटले, त्यापेक्षा न्यायालयाने काय म्हटले हे आधी आले. १९ मे १९८२ रोजी केरळातील परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर हे यंत्र प्रथम वापरले गेले. शिवन पिल्लै हे उमेदवार १२३ मतांनी निवडून आले. गंमत अशी, की मतदानापूर्वी यंत्राला आक्षेप घेणारे तेच होते. निकालानंतर आक्षेप घेतला तो हरलेल्या ए. सी. जोस यांनी. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्णय दिला, की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदाने फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. यंत्र चालले की नाही, सेल पुरले की नाही, ह्या मुद्द्यावर ते पडले नाही. नियमांत त्याचे नाव नव्हते म्हणून पडले. डिसेंबर १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १५ मार्च १९८९ पासून तो लागू झाला. यंत्रे घेतली गेली, आणि गोदामांत पडून राहिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत ती बाहेर निघाली. १९९९ साली आपल्या शेजारच्या गोव्याने सबंध विधानसभा निवडणूक त्यांवर घेतली, आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी दहा लाखांहून अधिक यंत्रे वापरली गेली.

त्यानंतर यंत्राच्या पोटातला सारा हिशेब विस्कटणारी एक मागणी आली, आणि ती रास्त होती. मतदाराला आपले मत कागदावर दिसले पाहिजे. २०१३ साली नागालँडच्या नोकसेन मतदारसंघात ‘व्हीव्हीपॅट’ प्रथम जोडले गेले, आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने सर्वत्र आणण्यास सांगितले. हा छपाईयंत्राचा डबा आहे. प्रोसेसर झोपू शकतो. छपाईयंत्राला मात्र कागद ओढावा लागतो, आणि उष्णतेने अक्षर उमटवावे लागते. उष्णता म्हणजे पुन्हा ती चूल आलीच, भले क्षणभराची का असेना. शिवाय चिठ्ठी काचेमागे सात सेकंद उजेडात दाखवावी लागते. पाच सेलांच्या शिदोरीवर हा पाहुणा पोसणे शक्य नव्हते. म्हणून त्याला स्वतःची साडेबावीस व्होल्टांची बॅटरी दिली. दीडच्या हिशेबाने पंधरा सेल. मत मोजणाऱ्या मेंदूला पाच, आणि ते कागदावर दाखविणाऱ्या हाताला पंधरा!

ह्या नव्या सोबत्याची कसोटी विदर्भात लागली. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत, ऐन उन्हाळ्यात, अनेक ठिकाणी यंत्रे अडली. ३० तारखेला ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. उत्तर प्रदेशातील कैराना येथेही त्याच दिवशी तोच प्रकार झाला. आयोगाने दिलेल्या कारणांत, कागद जाणणाऱ्या संवेदकावर पडलेला प्रखर उजेड हे एक प्रमुख कारण होते. उन्हात रांगेत उभे राहून आलेल्या माणसाला ‘यंत्र बंद आहे’ हे ऐकावे लागणे किती जिव्हारी लागते, हे केंद्रावर बसलेल्यालाच कळते. रोजंदारी बुडवून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतोच असे नाही.

दुसरी कसोटी आमच्या शेजारी, निजामाबादला लागली. नांदेडहून हैदराबादेस येताना वाटेवरचा हा जिल्हा. ११ एप्रिल २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तेथे १८५ उमेदवार उभे होते, आणि त्यांतले बहुतेक सर्व हळद व ज्वारीला भाव मिळावा म्हणून उभे राहिलेले शेतकरी. जुन्या यंत्रात ६४ नावांच्या पुढे जाताच येत नसे. तिसऱ्या पिढीच्या यंत्राला १६ नावांची एक अशी २४ बॅलट युनिटे जोडता येतात. तेथे प्रत्येक केंद्रावर १२ मांडावी लागली. एवढी युनिटे टेबलांवर ओळीने लावलेली, आणि म्हातारी माणसे आपले चिन्ह शोधीत पुढे सरकत आहेत, असे ते दृश्य होते. युनिट वाढले की भार वाढतो. मोजणारा तो मूळचा मेंदू मात्र एकटाच असतो. त्या दिवशी मतदान पार पडले.

आणि अगदी अलीकडे हा सेल खुद्द राजकारणात आला. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी हरियाणातील मतमोजणीच्या वेळी काही यंत्रांवर बॅटरी ९९ टक्के दाखवीत होती. दिवसभर चाललेल्या यंत्रात इतकी बॅटरी कशी उरली, असा काँग्रेस पक्षाने आक्षेप घेतला. प्रश्न त्या मुलीच्या प्रश्नाचाच भाऊबंद होता. आयोगाने उत्तर दिले ते असे. नवा सेल साडेसात ते आठ व्होल्टांच्या दरम्यान असेपर्यंत पडद्यावर ९९ हाच आकडा राहतो, ७.४ व्होल्टांखाली गेल्यावर तो खऱ्या प्रमाणात उतरू लागतो, आणि ५.८ व्होल्टांच्या सुमारास, म्हणजे दहा टक्के उरले असता, बॅटरी बदलण्याची सूचना मिळते. अल्कलाइन सेलाचा दाब वापराबरोबर उतरत जातो, आणि तेवढ्या दाबावरूनच यंत्राला उरलेल्या शिदोरीचा अंदाज बांधावा लागतो. सेलात डोकावून मोजता येत नाही. तेलाच्या बुधलीत काडी बुडवून पाहण्याची सोय येथे नाही. तेव्हा तो आकडा हा अंदाज आहे, वरच्या टोकाला जाणूनबुजून सपाट केलेला. हे आधीच लोकांना सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला राहून राहून वाटते. जे यंत्र कोट्यवधींच्या विश्वासावर चालते, त्याच्या पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ वाद पेटल्यावर कळावा, हे शिक्षकाला पटत नाही. फळ्यावर आधी लिहावे, प्रश्न नंतर घ्यावेत.

सोमवारी मी वर्गात पाच सेल घेऊन गेले, आबिड्सलाच घेतलेले. त्या मुलीला बाकावर ते एकामागे एक लावायला सांगितले, आणि विज्ञानाच्या बाईंकडून आणलेले व्होल्टमापक जोडले. काटा आठाच्या जवळ गेला. तिने तो वाचला, वहीत लिहिला, आणि मग घरच्या रिमोटातले दोन जुने सेल खिशातून काढून विचारले, “बाई, हे पण मोजू?”